दोघांत दोन नळ्या

नदीवरून वारा आला नि रोसिनाच्या टेबलावरची पत्रकं उडाली. पायसांदू गावाच्या किनाऱ्यावर रविवारची गर्दी होती. एका तरुणानं काखेतला थर्मास सावरत तीन-चार पत्रकं पकडली आणि त्यातलं एक चक्क वाचायलाच लागला.

“पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, सारखी लघवीला लागणं... हे तर सगळ्यांनाच होतं की!”

“अगदी असंच मीही—” रोसिनानं जीभ चावली. “असंच बायका म्हणतात, आणि उशीर होतो. दोन-तीन आठवडे रोजचंच झालं, तर अंगावर काढायचं नाही. अंडाशयाचा कर्करोगही असू शकतो.”

मिल्टन त्याचं नाव. पुढच्या प्रत्येक रविवारी स्वारी हजर! पत्रकं वाटायचा कमी, बडबडायचा जास्त.

“एवढे बारीक केस ठेवायला धाडस लागतं हं,” तो म्हणायचा, आणि ती लाजून नदीकडे बघायची. जीव जडला होता... आणि भीतीही तीच होती. आपला आजार आज दबलेला असला, तरी उद्याचं कोण सांगणार? हे कळलं की हा पाठ फिरवणार, म्हणून ती गप्प होती.

एकदा त्यानं माटेचा, म्हणजे तिथल्या कडू पानांच्या चहाचा, तुंबा गरम पाण्यानं भरून तिच्यापुढे धरला. तिथं सगळे एकाच नळीनं पितात. नको म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

“नको.”

“माझी एवढी किळस?” तो हसला, पण चेहरा उतरलाच.

“किळस कसली, वेड्या! जीव जडलाय तुझ्यावर!” ती चिडून बोलून गेली. “डॉक्टरांनी उष्टं प्यायला मनाई केलीय. औषधं चालू आहेत माझी... त्या पत्रकातलं सगळं मी भोगलंय, मिल्टन. हे केस कापलेले नाहीत. आत्ता कुठे उगवलेत.”

तो वळला आणि चालता झाला. रोसिनानं डोळे पुसले आणि समोरच्या बाईला पत्रक दिलं.

थोड्या वेळानं तो धापा टाकत परतला. हातात नवाकोरा तुंबा, नवीकोरी नळी.

बाकावरचे म्हातारे खिदळले. “दोघांत दोन तुंबे? लाज आणलीस गावाला!”

“हसा खुशाल! हा तिचा, हा माझा.” मग तो तिच्याकडे वळला. “आणि मघाशी जे बोललीस ना... ते परत घ्यायचं नाही.”

“आजार परत आला तर?”

“तर दोघं मिळून बघू. आत्ता पाणी निवतंय, पी आधी!”

रोसिनानं घोट घेतला. कडूजहर! आपण वाचलो म्हणून तिनं आजवर डॉक्टरांचे कितीदा आभार मानले होते. पण कशासाठी वाचलो, ते तिला त्या संध्याकाळी कळलं.