दोन रिंगा आणि कट

हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलं आहे. कुणाकडून ऐकलेलं नाही. मी नागपूरची, तोंडाने फटकळ, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना पूर्वी मीच हसायचे. आता हसत नाही.

डिसेंबर २००४. श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स. बाहेर गुडघाभर बर्फ.

घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा देवदत्त आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या, मेमध्ये परत जायच्या होत्या.

माझी नणंद गिरिजा. इथेच जवळ वूस्टरमध्ये एमएस केलं, हातात चांगली जॉब ऑफर. आणि या पोरीने काय केलं? ऑफर नाकारली आणि तमिळनाडूत विल्लुपुरमजवळच्या एका खेड्यात व्हॉलंटियर टीचर म्हणून गेली. वर्षभरासाठी. देवदत्त चिडला. मी म्हटलं, "अगं, तुला तमिळ येतं का तरी?"

"पोरं शिकवतील ना वहिनी!"

अशी होती ती.

ख्रिसमसच्या सुट्टीत शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर, स्टेला आणि राधिकाबरोबर, ती फिरायला निघाली. मदुराई, रामेश्वरम, तंजावर, मग ख्रिसमसला वेलंकनीचं चर्च, कारण स्टेलाचा तसा नवस होता. पुढे चिदंबरम आणि परत शाळा.

तिने जायच्या आधीच आईंना साउथ इंडियाचा मॅप पाठवला होता. त्यावर स्केचपेनने सगळा रूट आखलेला. शाळेपासून एक बाण थेट कागदाच्या बाहेर गेलेला, आणि बाजूला लिहिलेलं, 'मग मेमध्ये तुमच्याकडे!'

आईंनी तो फ्रिजवर लावला. मेन राज्यात फिरायला गेलो तेव्हा आणलेलं लाल लॉब्स्टरचं मॅग्नेट मदुराईच्या आधी चिकटवलं. "शी, हे झुरळ कशाला?" म्हणत म्हणत तेच वापरलं.

आणि एक ठरलेलं होतं. तुमच्याकडेही असेल त्या काळात. पोहोचलं की एसटीडी बूथवरून दोन रिंगा द्यायच्या आणि कट. उचलायचा नाही.

"उचलू नकोस हं वहिनी, मीटर पडेल," ती बजावायची.

मदुराई. दोन रिंगा, कट. आई उठायच्या, लॉब्स्टर पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "पोहोचली."

रामेश्वरम. पोहोचली.

तंजावर. पोहोचली.

वेलंकनी... पोहोचली.

पंचवीसच्या संध्याकाळी आमच्याकडे पॉटलक होतं, ज्याने त्याने एकेक पदार्थ आणलेला. पंधरा माणसं, श्रीखंड, अंताक्षरी. हसून हसून पोट दुखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवदत्तने टीव्ही लावला.

समुद्र आत आला होता.

मी ते दिवस लिहू शकत नाही. देवदत्त मिळेल त्या फ्लाइटने गेला. स्टेला आणि राधिका चर्चमध्ये होत्या म्हणून वाचल्या. गिरिजा बाहेर पडली होती. का, कुठे, ते स्टेला सांगू शकली नाही. तिच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता. देवदत्त हॉस्पिटलं फिरला, कॅम्प फिरला, नको त्या जागाही फिरला.

गिरिजा सापडली नाही.

आई रडल्या नाहीत. नातेवाइकांचे फोन आले, की आता दिवस करून टाका. आई म्हणाल्या, "कुणाचे? ती वेलंकनीला आहे. पुढची रिंग आली नाही अजून."



लॉब्स्टर वेलंकनीवर तसाच.

जानेवारीतली एक दुपार. उन्हाने बर्फ नुसता चकाकत होता. आई तांदूळ निवडत होत्या. अमेरिकेतल्या तांदळात खडे नसतात, पण त्या निवडायच्या. मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

फोन वाजला.

एकदा...

दोनदा...

कट.

 इंडियाचा फोन आला की कॉलर आयडीवर 'आउट ऑफ एरिया' यायचं. मी धावत जाऊन पाहिलं.

काहीच नव्हतं. नंबर नाही, वेळ नाही. फोन आल्याची नोंदच नाही.

मनाशी म्हटलं, टेलिमार्केटिंगवाले मेले! आणि तिकडे तर मध्यरात्र उलटून गेलेली. कुठला बूथ उघडा असतो?

मागे वळले तर आई फ्रिजपाशी. लॉब्स्टर चिदंबरमवर.

"पोहोचली," आई म्हणाल्या. आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

तिकडे देवदत्तला फोनवर मी सांगितलं नाही. तो आधीच अर्धा झाला होता.

नंतर एका रात्री जेवणं झाली होती, मी ओटा पुसत होते. पुन्हा...

एक रिंग.

या वेळी मी झेप घेतली. म्हटलं, जो कोणी असेल त्याला चांगला झापते. हात रिसीव्हरवर पडला आणि आईंनी माझं मनगट धरलं. एवढ्याशा म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठून आला, देव जाणे.

"उचलू नकोस. मीटर पडेल तिचं."

दुसरी रिंग...

कट.

आईंनी लॉब्स्टर शाळेवर नेला.

दुसऱ्या दिवशी देवदत्तचा फोन आला. तो गिरिजाचं सामान आणायला त्या शाळेत गेला होता.

"विनीता, सकाळी घंटा व्हायच्या आधीच पहिलीची पोरं रांगेत बसलेली. गप्प. हेडमिस्ट्रेसनी विचारलं, कुणी बसवलं?"

"मग?"

"पोरं म्हणाली... टीचरनी."

तो हमसून हमसून रडला. मी त्याला तेव्हा सगळं सांगितलं. त्याने विचारलं, शाळेवर लॉब्स्टर कधी हलला? मी सांगितलं. इथली रात्र म्हणजे तिकडची सकाळ, तीच वेळ होती.

आता रूटवर एकच जागा उरली होती. आमचं घर.

मे आला. आईंचा व्हिसा संपत होता. देवदत्तने तिकीट काढलं. आई ऐकेनात. "ती इथे यायची आहे. आणि मी नसले तर?" देवदत्तने हात जोडले, मी जोडले. शेवटी एकदाच्या बॅगा भरल्या.

जायच्या आदल्या दुपारची गोष्ट. स्वच्छ ऊन, खिडक्या उघड्या, समोरचा म्हातारा लॉन कापत होता. आई आणि मी चहा घेत होतो. मी मुद्दाम फोनजवळ बसले होते.

फोन वाजलाच नाही.

दारावरची बेल वाजली.

एकदा...

दोनदा...

मग काहीच नाही.

 मी उठले. दार ते दार, उघडायलाच हवं ना? दोन पावलं टाकली.

"थांब, विनीता." आई दाराकडे बघत होत्या. "तिनेच सांगितलंय ना? उचलायचं नाही."

"आई, अहो, हे दार आहे..."

"नाही."

त्या उठल्या. लॉब्स्टर शाळेवरून काढला, बाणावरून सरकवत मॅपच्या बाहेर नेला आणि फ्रिजच्या कोऱ्या पांढऱ्या पत्र्यावर लावला.

"पोहोचली गं माझी बाई," म्हणाल्या, आणि तिथेच फरशीवर बसल्या. इतक्या महिन्यांत न रडलेली ती बाई तेव्हा रडली. मी त्यांना पोटाशी धरलं. रडता रडताच म्हणाल्या, "देवदत्तला सांग, तिचं काय करायचं ते करा आता."

बऱ्याच वेळाने मी दार उघडलं. कुणी नव्हतं. समोरच्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तासभर इथेच आहे, तुमच्याकडे कुणीच आलं नाही.

पुण्यात गिरिजाचे दिवस झाले. त्यानंतर रिंग कधीच आली नाही.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

२००७ मध्ये स्टेला पुण्याला आली. मुद्दाम, आईंना भेटायला. मीही तेव्हा सुट्टीवर तिथेच होते. आईंनी तिला पोहे केले. तिने बशीला हात लावला नाही. खाली मान घालून म्हणाली की त्या सकाळी चर्चच्या दारातून गिरिजा मागे फिरली. म्हणाली, तिकडे अजून ख्रिसमस आहे, आज नुसती रिंग नाही देणार. आज आईशी बोलूनच येते.

बूथ बीचच्या रस्त्यावर होता.

आई स्टेलाला पोहोचवायला फाटकापर्यंत गेल्या. रात्री मला हाक मारली, आणि मी जवळ जाऊन बसले तर लहान मुलीसारखा माझा हात धरला.

"विनीता, ती बोलायला आली होती गं. आणि मी तुला उघडू दिलं नाही."

मी म्हटलं, "नाही हो आई, तिचाच नियम होता." दुसरं काय सांगू? त्यांनी मान हलवली. चार महिन्यांनी त्या गेल्या.

आता आम्ही न्यू जर्सीत पार्सिपनीला असतो. घर नवीन, लँडलाइन काढून टाकली. बेल मात्र अधूनमधून वाजते. दोनदा, आणि थांबते.

हसायचं तर हसा. पण मी लगेच उठते. दार उघडते. कुणी नसतं. तरी "ये गं, आत ये" म्हणते आणि जरा वेळ दार उघडंच ठेवते. जानेवारीत सगळी थंडी घरात येते.

देवदत्त स्वेटर घालतो आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहतो.