शेवटचा वापर, नऊ वाजून दहा मिनिटं

थोरल्यांच्या मुलीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. नातींना बघायला जायची तिकिटं थोरल्यांनी काढून ठेवली होती, ती तशीच राहिली. तीन मार्चला, सोमवारी सकाळी, ते दुकानातल्या खुर्चीवरून कोसळले.

दुकान पितळी पाट्या कोरून देण्याचं. खाली दुकान, वर घर. पाटीवरच्या अक्षरांचं वळण थोरल्यांचं स्वतःचं. आयुष्यभर हातानं काढलेली अक्षरं त्यांनी उतारवयात एकेक करून कॉम्प्युटरात घातली होती. कॉम्प्युटर सांगेल तशी कोरणीची सुई फिरायची. रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी, पहिल्या कामाआधी, थोरले पितळेच्या टाकाऊ तुकड्यावर त्या दिवसाची तारीख कोरत. खाली एक आडवी रेघ, शेवटी किंचित वर वळलेली. सुई बोथट झाली की रेघेत कळतं, असं त्यांचं म्हणणं. धाकट्या भावाला हा सगळा वेळकाढूपणा वाटायचा. धाकटे एकसष्ट वर्षांचे. पाट्या घासून चकचकीत करणं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं, ही दोन खाती त्यांच्याकडे.

त्या सोमवारी सुई तारखेच्या मध्यावरच थांबली. वीज गेली, भसकन आली, आणि कॉम्प्युटरमधून जळका वास सुटला. त्याच क्षणी थोरले उजव्या कुशीवर पडले. डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू. दुरुस्तीवाला म्हणाला, मदरबोर्ड.

थोरल्यांची वाचा गेली, अंग गेलं. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क तेवढी वाचली.

वरच्या खोलीत वहिनी त्यांच्या उशाशी बसून असत. कूस बदलायला मदत हवी असली की त्या काठीनं जमिनीवर दोनदा ठोकायच्या, आणि खाली धाकटे हातातलं टाकून जिना चढायचे. दवाखान्याच्या नव्या इमारतीच्या दोनशे बारा पाट्या सतरा तारखेला द्यायच्या होत्या, थोरल्यांच्याच अक्षरात. नाही दिल्या तर दारांवर समोरच्या दुकानातले प्लॅस्टिकचे स्टिकर लागणार होते. थोरल्यांचं एवढं मोठं काम पुन्हा येणार नव्हतं, हे धाकट्यांना न सांगता कळत होतं.

अकरा तारखेला दुरुस्तीवाल्यानं नवा कॉम्प्युटर बसवला. जुनी डिस्क घातली, जुनीच ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. कोरणीचं यंत्र तेवढीच ओळखायचं, आणि ती आता कुठे विकत मिळत नव्हती. पडद्यावर पाटी आली: हे लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे.

"फोन करा काका कंपनीला," दुरुस्तीवाला म्हणाला. "जुना मेला म्हणून सांगा. पाच मिनिटांचं काम."

बारा तारखेला धाकट्यांनी फोन लावला. चाळीस मिनिटं पिपाणीसारखं संगीत ऐकलं. मग एक बाई आल्या.

"लायसन्स ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन द्या."

"ते बोलू शकत नाहीत."

"मग आपण कोण?"

"धाकटा भाऊ. बाई, जुना कॉम्प्युटर जळाला हो. लायसन्स नव्यावर आणा, एवढंच."

पलीकडे टकटक झाली. "सर, जुना कॉम्प्युटर चालू दिसतोय. शेवटचा वापर आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं."

"अहो, तो माझ्या पायाशी पडलाय! पोट फाडून!"

"आधी त्यावरून बाहेर पडा, सर, मग नव्यावर घेता येईल," बाई गोड आवाजात म्हणाल्या, आणि फोन कटला.

धाकट्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतलं. त्यानं जुन्या डब्याचं झाकण काढलं. मदरबोर्ड नव्हता, डिस्क नव्हती, वायर नव्हती. एका कोपऱ्यात कोळ्यानं घर केलं होतं.

"हा वापरतोय बघा तुमचं लायसन्स," दुरुस्तीवाला हसला.

"दात काय काढतोस? तू पाच मिनिटं म्हणाला होतास."

तेरा तारखेला पुन्हा पिपाणी, पुन्हा तीच बाई. "शेवटचा वापर आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, सर." धाकट्यांनी रिसीव्हर असा आदळला की टेबलावरच्या पाट्या खणखणल्या. वर काठी वाजली.

ते धुसफुसत जिना चढले. थोरल्यांची कूस बदलताना वहिनी म्हणाल्या, "भावोजी, एक विचारू? सकाळी यांचं बोट हलतं. उजव्या हाताचं."

"हलणार कसं? ती बाजू गेलीय ना, वहिनी."

"गेलीच आहे. पण हलतं. रोज एकाच वेळेला. नऊ वाजून गेले की."

धाकटे जिना उतरून खाली गेले.

चौदा तारखेला, शुक्रवारी, ते नवाच्या आधीच वर जाऊन बसले. खोलीत औषधाचा आणि धुतलेल्या चादरीचा वास होता. थोरल्यांचे डोळे छताकडे, पापणी हलत नव्हती. हात लाकडासारखा पडलेला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी तर्जनी उठली.

ती चादरीवर सावकाश फिरू लागली. एक. मग चार. मग महिना, मग वर्ष. शेवटी आडवी रेघ, टोकाला किंचित वर वळलेली. आणि बोट पडलं. चादरीवर पुसट घडी राहिली होती. वहिनींनी ती तळव्यानं सारखी केली.

"काय काढतात हो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," धाकटे म्हणाले. "सवय."

खाली येऊन त्यांनी थंड झालेला चहा तसाच ढोसला. दोनशे बारा कोऱ्या पाट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मध्ये दोन दिवस. त्यांनी फोन लावला. या खेपेला पिपाणी तासाच्या वर चालली.

"सर, मी जुन्या कॉम्प्युटरवरचा वापर इथून बंद करू शकते," बाई म्हणाल्या. "म्हणजे तो नव्यावर जाईल. पण तिथे कुणीतरी अजून आहे. बंद करू?"

धाकट्यांनी वर छताकडे पाहिलं.

"सर?"

"तो डबा रिकामा आहे, बाई."

"होय की नाही, सर. तुम्ही म्हणायला हवं."

पाट्या दिसत होत्या. समोरच्या दुकानातला स्टिकरवाला दारात उभा राहून इकडेच बघत होता.

"होय! करा बंद एकदाचं!"

टकटक झाली.

पडदा निळा झाला, मग उजळला. थोरल्यांची अक्षरं ओळीनं उभी राहिली, एकही न हरवता. खाली बारीक ओळ होती: जुन्या जागचा वापर संपला, ११:०७.

"आणखी काही मदत हवी, सर?"

वर काठी वाजली. दोनदा नाही. वाजतच राहिली.

दवाखान्यानं चार दिवसांची मुदत वाढवून दिली. सोमवारी धाकट्यांनी साडेनऊला दुकान उघडलं. शुक्रवारी मेन स्विच त्यांनीच पाडला होता. तो वर होता. कॉम्प्युटर चालू होता. कोरणीखाली पितळेचा टाकाऊ तुकडा अडकवलेला, हाताला कोमट लागला.

त्यावर त्या दिवसाची तारीख होती. खाली रेघ, टोकाला किंचित वर वळलेली.

धाकट्यांनी तो तुकडा उजेडात धरला. रेघ मध्ये खरबरीत आली होती. सुई बोथट झाली होती.

त्यांनी सुई बदलली आणि कामाला लागले.

दोनशे बारा पाट्या मुदतीत पोचल्या. दोनशे तेरावी त्यांनी घरासाठी कोरली, ती वरच्या खोलीच्या दारावर आहे. तिच्यावर एवढंच आहे, की थोरले चौदा मार्चला, शुक्रवारी, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी वारले.