पाव इंच कमी

उद्यानाच्या फाटकापासून दगडी धक्क्यापर्यंत वाळूतून सव्वा मैल चालावं लागतं. गाड्यांना बंदी आहे. म्हणून आम्ही दक्षिण कॅरोलिनाचे शहाणे लोक फुगीर चाकांच्या हातगाड्या ओढत नेतो. त्यात बर्फाची पेटी, गळाच्या दोन काठ्या आणि आमिषाला बादलीभर छोटे खेकडे. उन्हात त्या खेकड्यांना न धुतलेल्या मोज्यांचा वास सुटतो. या सगळ्याला आम्ही विश्रांती म्हणतो.

त्या मार्चमधल्या सकाळी माझ्याबरोबर ऑरिन टटल होता, निवृत्त प्लंबर. मी निवृत्त दंतवैद्य. तीस वर्षं त्याचं तोंड माझ्या ताब्यात होतं. शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळायचे होते आणि ऑरिननं बायकोला चार मासे कबूल केले होते.

"रिकाम्या हातानं गेलो तर मेबेथ मलाच पिठात घोळवेल," तो म्हणाला.

"तेल जास्त लागेल," मी म्हणालो.

धक्क्याच्या टोकाशी शीपहेड नावाचा मासा मिळतो. अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे आम्ही त्याला कैदी म्हणतो. त्याला माणसासारखे दात असतात: पुढे चपटे, मागे दाढा. दगडांना चिकटलेले शिंपले फोडायला ते त्याला लागतात. नवखे लोक ते पाहून किंचाळतात. मी आयुष्यभर वाकून याहून वाईट तोंडं पाहिली होती, त्यामुळे मला त्याचं काही नव्हतं.

साडेनऊला ऑरिनचा पहिला मासा वर आला. गळ काढायला मी पक्कड घेतली आणि त्याचा बुळबुळीत जबडा उघडला.

खालचा एक दात तिरका तुटलेला होता. मागच्या दाढेत चांदी भरलेली होती.

चांदी कडेला किंचित उतू गेली होती. ते काम मी १९९४ साली, जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईनं केलं होतं, ऑरिनच्या दाढेत. माझं काम मला ओळखू येतं, विशेषतः वाईट. आणि तो दात ऑरिननं पान्ह्यावर आपटून घेतला होता, त्याच वर्षी.

"सोडून दे," मी म्हणालो. "लहान आहे."

ऑरिननं मासा पट्टीवर ठेवला. पावणेचौदा इंच. कायद्याला चौदा लागतात. मग त्यानं इथे सगळेच करतात ते केलं. शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून दाबली. शेपूट पाव इंच लांबली.

"बघ. आता सज्ञान झाला," तो म्हणाला आणि लाकडी दांडक्यानं माशाच्या डोक्यात एक घातला.

मग तो थुंकला. थुंकीबरोबर तळहातावर काहीतरी पडलं. तिरका तुटलेला दात.

"दुखलं?"

"छे. वय झालं, डॉक."

मी त्याचं तोंड उघडायला लावलं. रक्त नव्हतं. खड्डाही नव्हता. हिरडी गुळगुळीत, गुलाबी होती. दात काढल्यावर अशी हिरडी यायला सहा महिने लागतात.

"तुझ्या बोटांना खेकड्याचा वास येतोय," तो म्हणाला. "फी मिळणार नाही."

तेवढ्यात माझी काठी वाकली.

मासा वर आला तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं. पुढच्या दोन दातांत फट. वर उजवीकडे सोन्याची कॅप. मी रोज सकाळी आरशात पाहतो तेच तोंड, फक्त त्यातून खेकड्याचा पांढरा लगदा ओघळत होता. 

ऑरिननं तो माझ्या हातून घेऊन पट्टीवर आडवा केलासुद्धा.

"पावणेचौदा. दाब शेपूट."

"नको."

"अरे, दाब की! मेबेथला एकच मासा दाखवू? थांब, मीच दाबतो."

त्याची बोटं शेपटीकडे गेली. मी मासा हिसकावला आणि पाण्यात फेकला. तीस वर्षांत ऑरिन माझ्यावर पहिल्यांदाच चिडला. त्यानंतर तासभर आम्हाला काहीच लागलं नाही.

फाटकाजवळ मासे साफ करायचा ओटा आहे. त्यावर कालची आतडी वाळून चिकटली होती आणि कठड्यावर एक पेलिकन पक्षी वाट बघत बसला होता. ऑरिननं सुरी काढली.

"डोकं कापू नकोस," मी म्हणालो. "मला दे. आहे तसं."

"सूप करणारेस?"

"ऑरिन, दे म्हटलं ना."

"तुझा तू फेकलास. हा माझा आहे."

सुरी फिरली. डोकं हवेत उडालं. पेलिकननं ते झेललं, आणि त्याच्या गळ्याच्या पातळ पिशवीतून मला दातांची रांग खाली सरकताना दिसली.

ऑरिन हसला. तोंडात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती हिरडी होती, ओली आणि गुळगुळीत.

"काय बघतोस? माझं तोंड तुला नवीन आहे?"

शुक्रवारी चर्चमध्ये तो कुस्करलेला बटाटा खात होता. मी मेबेथला बाजूला घेतलं आणि विचारलं, त्याचे दात?

"कुठले दात?" ती म्हणाली. "लग्नात केकसुद्धा दुधात बुडवून खाल्ला होता त्यानं. डॉक, तुम्ही बरे आहात ना?"

तेव्हापासून मी रोज धक्क्यावर जातो. काठी नेत नाही. पट्टी नेतो. लोकांचे मासे मोजतो आणि कुणी शेपूट दाबू लागला की कायदा ऐकवतो. मला तिथे सगळे वेडा म्हणतात, पण लहान मासे सोडून देतात. माझं तेवढ्यावर भागत होतं.

मला खेकडा चालत नाही, घसा सुजतो. अकरा वर्षांत तोंडाला लावलेला नाही. तरी हल्ली सकाळी दात घासताना फटीतून कवचाचे तुकडे निघतात.

रात्री दात खाण्याची मला सवय आहे. त्यासाठी दातांवर बसवायचा एक साचा मी स्वतःच, स्वतःच्या मापानं बनवला होता. नऊ वर्षं तो चपखल बसायचा. काल बसेना. मोठा आरसा घेतला, पट्टी घेतली, दात एकेक करून मोजले. मी पाण्यात फेकलेला मासा चौदाला पावच इंच कमी होता.

सगळे थोडे थोडे वाढले आहेत.