आठवी क्लिप

यातलं एक अक्षरही वाढवलेलं नाही. वाढवायला अंगात त्राण लागतं. ते माझ्यात उरलेलं नाही.

आणि हे रात्री घडलं नाही. तीन महिन्यांपूर्वी, एका गुरुवारी, भर दुपारी, माझ्याच गॅरेजात घडलं.

बाबांची जुनी डिझेल फोर बाय फोर आता ताई चालवते. ती डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नर्स आहे. घाट चढताना गाडी तापायची, काळा धूर ओकायची, दम सोडायची. म्हणून मोठा इंटरकूलर बसवायला घेतला. टर्बोतून येणारी गरम हवा त्यात थंड होते, मग इंजिनात जाते. नवे पाइप, आठ जोड, ते आवळून धरायला आठ क्लिपा. एक जरी निसटली तरी ऐन वळणावर गाडीचा जोर जातो.

त्या घाटाला कठडे नाहीत.

दोन दिवस एकटाच राबत होतो. बाबा गेल्यापासून एकटाच राबतो.

बाबांची एक सवय होती. क्लिप आवळली की तिच्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची. मलाही तशीच मारायला लावायचे. माझं काम पटलं नाही, तर माझी रेघ रॉकेलच्या फडक्याने पुसायचे. बोलायचे नाहीत, नुसतं पुसायचे. मला भारी राग यायचा. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि मी रेघा मारणं सोडलं.

त्या दिवशी आठही क्लिपा आवळल्या. चहा प्यायला आत गेलो.

परत आलो तर...

सात क्लिपांवर पिवळी रेघ. ताजी. बोटाला रंग लागला.

आठवी कोरी.

"ताई, गंमत करतेस का?"

"मला वेळ आहे होय? सहाला ड्यूटी आहे माझी. आटप."

आठवी पुन्हा आवळून पाहिली. जागची हलेना. पाइपात हवा भरून जोडावर साबणाचं पाणी सोडलं. एक बुडबुडा नाही.

रेघही नाही.

मनाची खात्री म्हणून क्लिपच बदलली. नवी लावली. थांबलो...

कोरीच.

"अरे, झालं की नाही?" ताई दारातून ओरडली.

खरं सांगतो, कंटाळलो होतो. कंबर मोडली होती. फळीवरून बाबांची रंगाची डबी काढली. झाकण दोन वर्षांचं चिकटलेलं, पेचकसाने उचकटावं लागलं. मग त्या सात रेघा कुठल्या रंगाने...? विचार करायचीही ताकद नव्हती. आठवीवर मीच रेघ ओढली आणि हात धुवायला गेलो.

आलो तेव्हा बॉनेट बंद होतं. ताईने लावलं होतं. ती गाडीत बसलेली.

"सुटले बाई एकदाची!" म्हणाली आणि गेली.

मग वास आला...

रॉकेलचा. दोन वर्षांत गॅरेजात रॉकेलचा थेंब आलेला नाही.

बाबांचं फडकं खिळ्याला होतं. ओलं. त्यावर पिवळा डाग.

फोन लावला. लागेना, घाटात रेंज नसते. शेजाऱ्याची स्कूटर मागून पायथ्यापर्यंत गेलो. गाडी दिसली नाही. पुढे त्या स्कूटरच्या आवाक्याबाहेरचा चढ. तिथेच दगडावर बसून फोन लावत राहिलो.

सहाला तिचाच आला.

"पोचले रे. काय ओढते गाडी! फक्त अख्ख्या घाटात रॉकेलचा वास येत होता. काही सांडलंस का?"

"बॉनेट उघड. डावीकडची, सगळ्यात पुढची क्लिप बघ. रेघ आहे?"

बॉनेट उघडल्याचा आवाज आला...

"रेघ नाही. आणि ही तर हाताने फिरतेय रे."

जुनी क्लिप मी नक्की आवळली होती. नवीही आवळली होती... बहुतेक. इतका थकलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेलो, क्लिप घट्ट केली. ताई म्हणते, नशीब. मी मान डोलावतो.

फडकं काढायची हिंमत झालेली नाही. उघड्यावरचं रॉकेल एक-दोन दिवसांत उडून जातं.

ते अजून ओलं आहे.