लिडियाचा ताप

आखातात, रोल्ला भागातल्या आमच्या ऑफिसात एसी, झेरॉक्स मशीन आणि मी, तिघेही दुपारी बंद पडायचो. १९९९ साली मुनीरभाईंना अमेरिकेतल्या एका कॉलेजचं टायपिंगचं काम मिळालं. जोसाया पीबल्स नावाच्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रेस्बिटेरियन पाद्रीची पत्रं. कॉलेजातून त्याने घरी लिहिलेली, घरून त्याला आलेली, मित्रांना धाडलेली. फोटोकॉप्यांचं खोकं मी नोकरीला लागायच्या आधीपासून टेबलाखाली पडून होतं.

अक्षर भयानक. मधले मधले शब्द पुसट.

"न लागलेल्या शब्दाची जागा रिकामी सोडू का?" मी विचारलं.

"रिकामी जागा दिसली की पान परत येतं," मुनीरभाई म्हणाले. "कायतरी भर नि पुढे हो. यल्ला, चल."

मी भरलं. जोसायाच्या आईच्या पत्रात एक शब्द लागेना, तिथे शेळी घातली. पाद्रीच्या घरी शेळी असायला काय हरकत आहे? पुढचं पान जोसायाच्या उत्तराचं. त्यात स्वच्छ अक्षरात होतं, 'शेळी बघायला मी उत्सुक आहे.'

माझी पानं तपासायला शेजारी शुभ्रा बसायची. तिला दाखवलं.

"योगायोग," ती म्हणाली. "आता हत्ती घालून बघ."

हत्ती त्या वाक्यात बसेना. म्हणून पुढच्या पुसट जागी मी जोसायाच्या बहिणीला ताप आणला. लिडिया. वय वर्षं नऊ. मला फार हसू आलं होतं.

पुढच्या पत्रात जोसाया विचारत होता, 'लिडियाचा ताप उतरला का? अभ्यासात लक्ष नाही. कळवा.' त्यापुढे आईचं पत्र. लिडियाचे केस कापले होते. डॉक्टरने आशा सोडली होती.

शुभ्रा हसली नाही. "तू आणलास. तूच उतरव."

"अगं, कधीच मेलीयेत ती सगळी."

"मग उतरवायला तुझं काय जातंय?"

मला तिच्याकडे बघवेना. मी पुसट शब्द शोधू लागलो. पानामागून पान स्वच्छ, जणू आता कोणीतरी जपून लिहीत होतं. शेवटी एक सापडला. 'लिडिया अजून', मग डाग, मग 'आहे'.

घाईत मला 'बरी' सुचलं नाही. मी 'जिवंत' टाइप केलं.

त्यानंतरच्या पत्रांत जोसाया पदवीधर झाला. पाद्री झाला. आईवडील गेले. प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ होती, 'लिडिया तशीच.'

तळाशी एकच पान उरलं. म्हातारा जोसाया कॉलेजातल्या मित्राला लिहीत होता. अक्षर थरथरत होतं, तरी प्रत्येक शब्द लागत होता.

'माझी बहीण अजून नऊ वर्षांची आहे. जेवत नाही. झोपत नाही. दिवसभर एकच वाक्य म्हणते, कुठल्या भाषेत ते कोणालाच कळत नाही. तू हिब्रू शिकवतोस, म्हणून जसं ऐकू येतं तसं लिहितो.'

खाली इंग्रजी अक्षरांत ते वाक्य होतं, पण मराठी. शुभ्राने हलक्या आवाजात वाचलं.

"जाऊ द्या मला."

"खलास झालं का रे?" आतून मुनीरभाईंनी विचारलं.

मी पान खिडकीपाशी, उजेडात धरलं. पुन्हा पुन्हा पाहिलं.

त्यावर पुसट शब्द एकही नव्हता.