जोडीचं तिकीट

ज्याचं पोट पियानो जुळवण्यावर चालतं, त्यालाच वरच्या पट्टीतले सूर ऐकू येईनासे व्हावेत, याला काय म्हणायचं? ताई म्हणायची, "आचाऱ्याची चव गेली तरी चालतं रे, हाताला सवय असते." पण तिचं हे म्हणणं धीर देण्यापुरतंच होतं. गेल्या वर्षी त्याने एका शाळेतल्या पियानोचं सगळ्यात वरचं सप्तक ताणत ताणत इतकं चढवून ठेवलं, की संगीताच्या बाईंनी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बरं वाटत नाही का तुम्हाला?" हेही त्याला दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं.

तेव्हापासून ताई कामावर त्याच्यासोबत येऊ लागली. विणकाम घेऊन ती पियानोशेजारी बसायची. तो किल्लीने तार आवळायचा, आणि सूर बरोबर बसला की ताई चपलेच्या टोकाने त्याच्या बुटाला टोचायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बिचारीला घरी करमत नसेल. पण तिच्या कानांना तोड नव्हती. एकतीस वर्षं तिने टेलिफोनच्या कचेरीत जोडण्या करून दिल्या होत्या. पलीकडून नुसता 'हॅलो' आला की माणूस जेवून बोलतोय की उपाशी, हे ती सांगायची.

डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती. त्यानंतर उरलंसुरलंही जाणार. ते ऐकून त्याला एकच गोष्ट सुचली. जिच्या तबकड्या तीस वर्षं झिजवल्या, जी श्वास कुठे घेते तेसुद्धा पाठ झालं, त्या गायिकेला एकदा समोर बसून ऐकायचं. आणि योग असा, की कित्येक वर्षांनी ती साठ जणांच्या वाद्यवृंदाबरोबर गाणार होती. दुपारी दोनला कार्यक्रम, चार तासांवरचं शहर. तिकिटं मात्र जोडीनेच मिळत होती, सुटं एकही नाही.

"बरं झालं," ताई म्हणाली, "नाहीतर मला टाकून गेला असतास."

बसमध्ये तिच्या तोंडाला खळ नव्हता. वाहक काय म्हणाला, मागच्या बाकावर कोणाचं कोणाशी बिनसलंय, सगळं ती त्याच्या चांगल्या कानात ओतत होती.

"तिने ते संथ गाणं आज म्हटलं नाही तर?" त्याने विचारलं.

"तर मी म्हणेन परत येताना."

"नको. आहे तेवढं ऐकू येतंय तेही जाईल."

ताई इतकी हसली की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली.

सभागृह जुनं होतं. भिंतींना अर्ध्यापर्यंत तपकिरी रंग, खाली काळ्यापांढऱ्या फरश्या, आणि ताज्या वॉर्निशचा वास. बाहेरच्या दालनात माणसं दोघादोघांनी उभी होती. त्यात नवल नव्हतं, तिकिटंच तशी होती. पण प्रत्येक जोडीतलं एकजण तोंड जवळ नेऊन मोठ्याने बोलत होतं आणि दुसरं कानामागे तळवा धरून मान हलवत होतं. कुणाच्या कानात यंत्र, कुणाच्या खिशातून वायर वर गेलेली.

"हे तर तुझंच संमेलन भरलंय," ताई म्हणाली.

त्यालाही हसू आलं. इतकी बहिरी माणसं गाणं ऐकायला आलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

दारावर राखाडी कोटातली एक म्हातारी तिकिटं बघत होती. खिडकीपाशी कोण बसणार, असं विचारावं तितक्या सहज तिने विचारलं, "दोघांत ऐकणार कोण?"

"हाच हो," ताई म्हणाली. "मला कानाला विश्रांती हवी आहे. माझ्या वाटणीचंही आज यालाच द्या."

म्हातारी हसली नाही. तिने तिकीट मधोमध फाडलं आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात ठेवले.

जागा पाचव्या रांगेत होत्या, अगदी मोक्याच्या. वादक येऊन बसले. ओबो फुंकणाऱ्या वादकाने सुराला सूर मिळवण्यासाठी लांब स्वर धरला, आणि बाकीची वाद्यं एकेक करून त्याला येऊन मिळाली. इकडे त्याच्या कानातलं यंत्र कुरकुरलं. त्याने वैतागून ते काढून खिशात टाकलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ओबो अजूनही ऐकू येतोय. पहिल्यापेक्षा स्वच्छ.

गायिका आली. तबकडीवरच्या चित्रापेक्षा बुटकी होती, केस पांढरे झाले होते. तिने श्वास घेतला, आणि तो श्वास पाचव्या रांगेत त्याला ऐकू आला.

पुढचा तासभर त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. व्हायोलिनांचे केसासारखे बारीक स्वर, पान उलटल्याची सळसळ, चेलोवाल्याच्या खुर्चीचं करकरणं, काही म्हणून निसटत नव्हतं. मागच्या पियानोच्या वरच्या तीन तारा किंचित उतरलेल्या होत्या, तेसुद्धा त्याने टिपलं आणि आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जो कोणी तो पियानो जुळवून गेला होता त्याला त्याने मनातल्या मनात भरपूर नावं ठेवली. वर्षभरात असं सुख त्याला मिळालं नव्हतं.

मध्यंतरात तो लहान पोरासारखा बडबडत सुटला. "ताई, मला सगळं ऐकू येतंय! यंत्राशिवाय! त्या पियानोच्या तारा ऐकल्यास? उतरल्यात ना?"

ताईने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि क्षणभराने मान हलवली. "छान," ती म्हणाली.

एवढंच. एका शब्दावर थांबणाऱ्यांतली ताई नव्हती. पण त्याला आपल्याच आनंदात भान नव्हतं. दालनात निम्मी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, रडत होती, हसत होती. उरलेली निम्मी भिंतीलगत उभी राहून गोड हसत होती. कानामागे आता कुणाचाच हात नव्हता.

उत्तरार्धात तिने ते संथ गाणं घेतलं.

तबकडीवर ती हे गाणं डोळे मिटून गात असावी, असं त्याला नेहमी वाटायचं. इथे तिचे डोळे उघडे होते. दर ओळीला ती समोरच्या एकेका माणसाकडे बघत होती. नीट, ओळखीचं असल्यासारखं. बघून झालं की पुढची ओळ थोडी अधिक भरदार यायची.

मग तिने ताईकडे बघितलं.

ताई हसली. पियानोवाल्याने वरच्या उतरलेल्या तारेची पट्टी दाबली, तशी त्याने गमतीने ताईच्या चपलेला बुटाने टोचलं. तिने पाय बाजूला घेतला, त्याला जागा हवी असेल म्हणून.

गाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या. ताईने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवता वाजवता तो थांबला. कारण ही युक्ती त्याची होती. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, क्षणभर थांबून मान हलवायची, चारचौघं हसली की हसायचं. वर्षभर तो हेच करत आला होता, आणि ताई सोडून कुणालाही ते कळलं नव्हतं.

बाहेर ऊन होतं. मागून सायकलवाला घंटी वाजवत आला, दोनदा, तीनदा. ताई वाटेतून हटेना. त्याने दंड धरून तिला ओढलं.

"अरे, हात उखडशील," ती खुशीत म्हणाली. "काय गायली रे! पहिलं गाणं तर अगदी काळजात जाऊन बसलं."

त्यानंतरच्या एकाही गाण्याबद्दल ती बोलली नाही. त्याला विचारायची भीती वाटली.

परतीच्या बसमध्ये बहुतेक कार्यक्रमातलीच माणसं होती. इंजिन धडधडत होतं, खिडकीची काच थडथडत होती, आणि जो तो दुसऱ्याच्या वरताण आवाजात आज काय काय ऐकलं ते सांगत होता. मागे कुणीतरी संथ गाण्याचं ध्रुवपद धरलं होतं, बेसूर, आणि चौघंपाचजण त्याला साथ देत होते. तो एकेक आवाज त्याच्या कानात सुईसारखा शिरत होता.

"ताई," तो हळूच म्हणाला.

ती खिडकीबाहेर बघत होती.

"ताई." आणि मग अगदी तिच्या कानाशी वाकून, "ताई गं."

त्याचा श्वास लागला म्हणून ती वळली. त्याच्या गुडघ्यावर थोपटत समाधानाने म्हणाली, "चांगलं गाणं ऐकलं की माणसं कशी होतात बघ. अख्ख्या गाडीत कुणी एक शब्द बोलत नाहीये."

पुढच्या बाकावरची बाई आपल्या नवऱ्याला तेच सांगत होती.