पुढचे दोन टायर

"माझ्या गाडीचे पुढचे टायर चोरलेत," गेरेऑनने कोटही न काढता सांगितलं. "आणि चोर हेनरच आहे."

ट्राउडे केसेनिखने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. तीस वर्षं गाड्यांची सरकारी तपासणी करून ती निवृत्त झाली होती आणि आता जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगराळ खेड्यांच्या भानगडी निस्तरत होती. शेजारचा युप, जुना बेकर, केक कापता कापता थांबला. गेरेऑन आणि गॅरेजवाला हेनर यांची चाळीस वर्षांची दोस्ती.

"म्हणजे गाडीला टायरच नाहीत?" युपने विचारलं.

"आहेत. पण दोनशे पाच मिलिमीटर रुंदीचे. माझे दोनशे पंचवीसचे होते. मागचे दोनशे पंचेचाळीस जागच्या जागी आहेत. मंगळवारी गाडी यंदा पहिल्यांदा बाहेर काढली, तर वळणावर गाडीचं तोंड रस्त्याबाहेरच पळालं. सोमवारी पोलिसांत जातो. हेनरचं तोंड बघायचं नाही मला."

"ईस्टरला ही उन्हाळी चाकं परत चढवताना माप वाचलं नाहीत?" ट्राउडेने विचारलं.

"कोण वाचतं? रुंद मागे, अरुंद पुढे. डावं-उजवं खडूने लिहिलेलं असतं, तेवढं बघतो. हिवाळाभर ती हेनरकडेच असतात, मग दुसरं कोण?"

ट्राउडे आणि युप त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले. तिथे खिडकीशी शिवणयंत्र होतं. त्यावर अर्धवट शिवलेला झगा, निळ्या खडूच्या रेघांसकट.

"बायकोचा, मारलीसचा," गेरेऑन म्हणाला. "फेब्रुवारीत गेली. मला हलवायचा धीर होत नाही. गाडीत शेजारी बसायची ना, दर वळणाला 'सावकाश, गेरेऑन.' मी 'हो गं, हो' म्हणायचो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचो."

ट्राउडेने गुडघे टेकून टायरच्या कडेचा, तो कधी बनला ते सांगणारा आकडा वाचला : गेल्या वर्षीचा छत्तिसावा आठवडा. बाजूला निळ्या खडूने 'डावं'. मग तिने गाडीचे कागद मागितले. पुढच्या चाकांसाठी दोनशे पाच आणि दोनशे पंचवीस, दोन्ही मापं त्यात नोंदलेली होती.

गेरेऑनची मुलगी गुंडुला कोलोनहून आलेली होती. "गाडी विका म्हणते मी, हे खरं. पण टायर कशाला बदलू? मला ना चाक काढता येतं, ना सुईत दोरा ओवता. आईला दोन्ही यायचं."

हेनरच्या गॅरेजात मांडणीवर गावभरच्या चाकांवर पिवळ्या मेणखडूच्या खुणा होत्या.

"टायर तू बदललेस?" ट्राउडेने विचारलं.

हेनरने फडक्याला हात पुसले. "चोरी केली नाही. बाकी शब्द दिलाय कुणाला तरी. गेरेऑनला काय समजायचं ते समजू दे."

"कबुलीच की ही," बाहेर येऊन युप पुटपुटला.

"युप, तू पावच भाज बाबा."

शनिवारी तिने सगळ्यांना गेरेऑनच्या गाडीभोवती बोलावलं.

"टायर आधीच बदललेले होते, मंगळवारी फक्त तुम्हाला कळलं," ती गेरेऑनला म्हणाली. "चोर गाडीचे कागद चाळत नाही. इथे कुणीतरी नोंदीत बसणारं, त्याच उंचीचं माप निवडलंय, म्हणजे तपासणीत तुमची अडवणूक होऊ नये. पुढचे टायर अरुंद केले की आधी पुढचंच तोंड घसरतं. टायर लवकर किंचाळतो, माणूस पाय उचलतो, गाडी सावरते. मागून फिरून दरीत जात नाही. टायर बनले सप्टेंबरात. त्यावरची खूण मात्र हेनरच्या पिवळ्या मेणाची नाही, शिंप्याच्या निळ्या खडूची आहे. सप्टेंबरनंतर या घरात तो खडू कोणाच्या हातात होता?"

गुंडुलाने तोंडावर हात ठेवला.

"डॉक्टरांनी फार दिवस नाहीत म्हणून सांगितलं, त्या आठवड्यात मारलीस आली होती," हेनर खाली बघत म्हणाला. "'मी नसले की त्याला सावकाश म्हणून कोण सांगणार?' म्हणाली. तुला कळलं तर तू रुंद टायर परत लावशील, म्हणून गप्प बसवलं मला. ऑक्टोबरात चाकं उतरली तेव्हा बदलले. खुणा तिनेच केल्या. तुझे जुने पुसून ठेवलेत. हवे तर आत्ता चढवतो."

गेरेऑन चाकाशी वाकला. खडूला बोट लावायला गेला आणि पुसलं जाईल म्हणून थांबला.

"राहू दे," तो म्हणाला. मग हेनरकडे वळून, "बस गाडीत, गाढवा. चाळीस वर्षांत एक गोष्ट लपवलीस, तीही धड नाही."

गाडी फाटकाबाहेर पडली. चर्चखालच्या वळणावर टायर किंचाळला आणि लगेच इंजिनाचा आवाज खाली आला.

"हो गं, हो," युप स्वतःशीच म्हणाला. ट्राउडे पर्समध्ये रुमाल शोधत होती.